ड्रायव्हर निघून जातो, कार्ड तिथेच असतं

लिनक्सवर नेटवर्क ड्रायव्हर (नेटवर्क कार्ड चालवणारा कोड) लिहिणाऱ्यांचे या वेळचे जवळजवळ सगळे प्रश्न 'बंद करताना काय होतं' याभोवतीचे आहेत. चालू करणारा कोड सगळे मन लावून लिहितात. बंद करणारा बहुधा शेवटच्या दिवशी उरकलेला असतो.

प्रश्न: ट्रॅफिक चालू असताना इंटरफेस डाउन केला की दहापैकी एखाद्या वेळी कर्नल (लिनक्सचा गाभा) कोसळतो, तेही भलत्याच मॉड्यूलमध्ये. मी स्टॉप फंक्शनमध्ये आधी रिंग बफर (पॅकेटांसाठी कार्डाशी वाटून घेतलेली मेमरी) सोडतो, मग इंटरप्ट (कार्डाचा प्रोसेसरला इशारा).

इथेच घोळ आहे. तुम्ही मेमरी परत दिलीत, पण कार्डाला ते कुणी सांगितलं? त्याच्याकडे जुने डीएमए पत्ते आहेत (डीएमए म्हणजे कार्डाने प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहिणं-वाचणं), आणि पॅकेट आलं की ते त्याच पत्त्यावर लिहिणार. ती जागा तोवर दुसऱ्याच कुणाची तरी झालेली असते.

मीही एकदा असाच फसलो होतो. फाइल सिस्टिमला दोष देत दोन दिवस घालवले. मग बिघडलेल्या मेमरीचा डंप नीट पाहिला: सहा वेळा एफएफ (म्हणजे 'सगळ्यांना'), पुढे सहा बाइटचा कुणाचा तरी मॅक पत्ता, मग ०८ ०६ (म्हणजे एआरपी, आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधणारा प्रोटोकॉल). फाइल सिस्टिमच्या मेमरीत आरामात बसलेलं एआरपीचं ब्रॉडकास्ट पॅकेट!

सोडण्याआधी 'अजून इथे कोण येऊ शकतं?' हे विचारा आणि त्या प्रत्येकाची वाट बंद करा. आधी ट्रान्समिट क्यू थांबवा, म्हणजे वरून नवीन पॅकेट येणार नाही. मग नॅपी_डिसेबल (नॅपी म्हणजे आलेली पॅकेटं पोल फंक्शनने गठ्ठ्याने उचलण्याची कर्नलची सोय), चालू असलेला पोल संपेपर्यंत ते थांबतं. हार्डवेअरचे इंटरप्ट त्यानंतर मास्क करा (दाबून ठेवा), कारण पोल संपताना इंटरप्ट पुन्हा चालू करतो; आधी केलेलं मास्किंग तो पुसून टाकेल. मग कार्डाचा डीएमए बंद. पीसीआयवर (कार्ड जोडणाऱ्या बसवर) रजिस्टरमध्ये लिहिलेलं लगेच पोहोचतंच असं नाही, म्हणून तेच रजिस्टर एकदा वाचा. डीएमए खरंच थांबला हे सांगणारा स्टेटस बिट असेल तर त्याचीही वाट पाहा. मग फ्री_आयआरक्यू (इंटरप्ट सोडणारं फंक्शन), चालू असलेला इंटरप्ट हँडलर संपल्याशिवाय ते परतत नाही. एवढं झालं की बफर खुशाल सोडा.

प्रश्न: त्या वेळी ट्रान्समिट रिंगमध्ये अडकलेल्या पॅकेटांचं काय करायचं?

ती तुमचीच. आधी डीएमए अनमॅप, ज्या लांबीने मॅप केलं होतं त्याच लांबीने, मग एसकेबी (कर्नलमध्ये पॅकेट धरून ठेवणारी रचना) सोडा. कर्नलमध्ये डीएमए एपीआय डीबग चालू ठेवा. ड्रायव्हर सुटताना मॅपिंग शिल्लक असेल तर ते स्वतःच बोंब मारतं.

प्रश्न: आरएममॉड (ड्रायव्हर कर्नलमधून काढणारी आज्ञा) अडकतं. लॉगमध्ये दर थोड्या वेळाने 'इथ० मोकळं होण्याची वाट पाहत आहे, वापर संख्या १' अशा अर्थाची ओळ येते (इथ० हा माझा इंटरफेस).

कुणीतरी डेव्ह_होल्ड केलं (डिव्हाइस धरून ठेवलं) आणि डेव्ह_पुट (ते सोडणं) विसरलं. तो 'कुणीतरी' तुमचाच ड्रायव्हर असेल असं नाही, पण शोध घरापासून सुरू करा. चूक झाल्यावर मधूनच परतणाऱ्या वाटा आधी तपासा. माझा संशय नेहमी त्यांच्यावरच असतो. नव्या कर्नलमध्ये नेटडेव्हाइस रेफरन्स ट्रॅकर आहे, तो चालू केला तर होल्ड कुठून झालं तेही कळतं.

अशी ओळ न येताच अडकत असेल तर वेगळी शंका घ्या: नॅपी_डिसेबल लागोपाठ दोनदा झालं का? दुसरी हाक कधीच परतत नाही. रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) स्वतः स्टॉप बोलावणाऱ्यांचं हे हमखास होतं. इंटरफेस अप असेल तर अनरजिस्टर_नेटडेव्ह (इंटरफेसची नोंद काढणारं फंक्शन) स्वतःच स्टॉप करतं, तुम्ही करू नका.

प्रश्न: इंटरप्ट डेव्हएमने (घेतलेल्या गोष्टी आपोआप सोडणाऱ्या कर्नलच्या सोयीने) घेतला आहे. मग सोडायची काळजी नाही ना?

आहे. डेव्हएमने घेतलेल्या गोष्टी रिमूव्ह संपल्यानंतर सुटतात. तुम्ही रिमूव्हमध्ये फ्री_नेटडेव्ह केलंत (नेटडेव्ह म्हणजे इंटरफेसची कर्नलमधली रचना) तर ड्रायव्हरचा खासगी डेटाही गेला, कारण तो त्याच तुकड्यात असतो. हँडलर मात्र अजून जिवंत! शेअर्ड इंटरप्ट असेल तर शेजारच्या डिव्हाइसमुळेही तो धावेल. एकतर नेटडेव्हही डेव्हएमने आणि इंटरप्टच्या आधी घ्या, कारण सोडणं उलट्या क्रमाने होतं. नाहीतर इंटरप्ट हाताने सोडा. मला हाताने सोडलेला बरा वाटतो, डोळ्यांना दिसतो.

प्रश्न: रीसेटचं काम वर्कक्यूमध्ये (मागाहून करायच्या कामांच्या रांगेत) आहे. स्टॉपमध्ये कॅन्सल_वर्क_सिंक (काम रद्द करणारं, चालू असेल तर ते संपेपर्यंत थांबणारं फंक्शन) घातलं आणि सगळं गोठलं.

स्टॉप चालतो तेव्हा आरटीएनएल लॉक (नेटवर्कमधल्या बदलांसाठीचं कर्नलचं सामाईक कुलूप) घेतलेला असतो. तुमचं रीसेटचं कामही तोच लॉक मागत असणार. स्टॉप कामाची वाट पाहतो, काम लॉकची. कॅन्सल रिमूव्हमध्ये न्या: अनरजिस्टर_नेटडेव्हनंतर, फ्री_नेटडेव्हच्या आधी. कामात लॉक मिळाल्यावर पहिली ओळ नेटइफ_रनिंग तपासणारी हवी. इंटरफेस बंद असेल तर मुकाट परतायचं. ते काम एखादा टायमर रांगेत लावत असेल तर आधी टायमर मारा, मग काम.