पालशेतचा उतार आणि बिनब्रेकची सायकल

सदर : चाकाला विचारा

प्रश्न : काकू, नमस्कार. मी राहतो हर्णैला, कॉलेज दापोलीला. आजोबांची बावीस इंची काळी ॲटलस पडवीत धूळ खात पडलीय. रील्समध्ये पुण्या-मुंबईची मुलं बिनब्रेकची फिक्सी (पायडल आणि मागचं चाक कायम एकत्र फिरणारी सायकल) चालवतात, तशी मला बनवायचीय. मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर सगळं काढून टाकणार. गावातला वेल्डर म्हणतो, फ्रीव्हीलला (पाय थांबवले तरी चाक फिरू देणाऱ्या मागच्या चक्राला) दोन टाके मारतो, पन्नास रुपयांत तुझी फिक्सी तयार. माझ्याकडे सहा हजार जमलेत. करू का?
— एक विद्यार्थी, हर्णै

उत्तर : वेल्डरकडे जाऊ नकोस. बाकीचं नंतर बोलू.

आमचं गुहागरात भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. मी दहावीच्या सुट्टीत असताना माझ्या भावाने हाच उद्योग केला होता. फ्रीव्हील वेल्ड केलं आणि 'आता पायाने थांबते, ब्रेक कशाला' म्हणून रॉडचे ब्रेक सोडवून ठेवले. पहिली फेरी मी मारली, कारण तो घाबरला होता आणि मीही घाबरलेय हे मला कबूल करायचं नव्हतं. सपाटीवर मजा आली. पाय थांबवले की चाक थांबतं, रिव्हर्स पायडल मारून उभंही राहता येतं. मग पालशेतचा उतार लागला. पायडल माझ्या पायांपेक्षा जोरात फिरायला लागलं. मी सगळा भार मागे टाकून दाबून धरलं, तर दोन-तीन सेकंद सायकल ऐकली, आणि मग मागून 'कट्' असा आवाज होऊन पायाखालचा जोरच गेला. पायडल मोकळं, ब्रेक नाही. पुढे जांभ्याचा गडगा होता, तो कामी आला. हनुवटीला पाच टाके पडले, ते अजून दिसतात.

बाबा ओरडले नाहीत. मागचं चाक काढून त्यांनी हब, म्हणजे चाकाच्या मधला भाग, माझ्या हातात दिला, वेल्ड केलेलं फ्रीव्हील त्यावर ठेवलं आणि म्हणाले, "फिरव." घड्याळाच्या दिशेने फिरवलं की घट्ट बसत होतं, उलट फिरवलं की सुटत होतं. एवढंच आहे ते सगळं. साध्या हबवर फ्रीव्हीलचे आटे एकाच दिशेचे. पुढे पायडल मारताना ते आपोआप आवळत जातं, पण पाय मागे रोवून ब्रेक लावलास की तूच ते उघडत असतोस. खऱ्या फिक्स हबवर दोन पायऱ्या असतात. आतली मोठी, उजव्या आट्यांची, तिथे दातरी, म्हणजे मागचं दातेरी चक्र, बसते. बाहेरची थोडी लहान, डाव्या आट्यांची, तिथे दातरीला अडवणारं लॉकरिंग, म्हणजे कडं. दातरी सुटायला लागली की लॉकरिंग आणखी आवळतं. वेल्डर कितीही चांगला असो, ती दुसरी पायरी तो टाक्याने आणू शकत नाही.

मग म्हणशील, खरा फिक्स हब मागवतो. मागव, पण आधी खडू घेऊन पडवीत बस. टायरवर एक खूण कर, एक जमिनीवर, आणि चाक एक पूर्ण फेरी लोळव. २८ x १½ च्या टायरला सव्वादोन मीटरच्या जरा आत अंतर येईल. पुढच्या चक्राला ४४ दाते, मागे १८, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटरच्या जरा आत जाते. ताशी ४० च्या वेगाने उतरलास तर पाय मिनिटाला १२२ वेळा फिरले पाहिजेत. हा वेग तुला मोठा वाटेल, पण आपल्याकडच्या उतारावर तो न मागता मिळतो. बरं, हर्णै समुद्रसपाटीला आणि दापोली वर सड्यावर, तेव्हा चढण सोपी जावी म्हणून तू मागे २२ दाते घालशील. मग त्याच ४० च्या वेगाला पाय दीडशे वेळा! चढ जेवढा सोपा करशील, तेवढे उतारावर पाय पळतील. फिक्सची ही अडचण कुठल्याही महाग पार्टने जात नाही. ती सायकल मुळात लाकडी किंवा सिमेंटच्या ट्रॅकवर फिरायची, तिथे उतार नाही, कुत्रा आडवा येत नाही आणि वळणावरून एसटी येत नाही.

म्हणून तुला सिंगल स्पीड, म्हणजे एकाच गिअरची, कर म्हणते, फ्रीव्हीलसकट, पुढे-मागे ब्रेक लावून. दिसायला तशीच राहील. फिक्स चालवायचीच असेल तर हर्णैच्या पुळणीवर ओहोटीला... नको, तिथेही नको, वाळूतलं खारं पाणी हबात जाईल.

आता तुझे सहा हजार. रंगावर एक पैसा घालू नकोस. सगळ्यात जास्त खर्च चाकं आणि ब्रेकवर. जुन्या रोडस्टरला, म्हणजे तुझ्या ॲटलससारख्या सायकलला, लोखंडी रिम आणि रॉडचे ब्रेक. पावसात लोखंडी रिम ओली झाली की रबर नुसतं घसरतं. दाभोळच्या जेटीच्या उतारावर मी एकदा बाजूने पाय घासत थांबलेय, पुढे फेरीबोट नव्हतीच, पाणी होतं. ॲल्युमिनिअमची रिम ओलीतही बरीच धरते, शिवाय खाऱ्या वाऱ्यात लोखंडी रिमच्या क्रोमसारखे तिचे पापुद्रे उडत नाहीत. पण इथे मुलं हमखास फसतात. आधी रिम विकत आणतात, मग स्पोक मोजतात. रोडस्टरला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक. बाजारातली ॲल्युमिनिअमची रिम ३६ भोकांची. तेव्हा रिमबरोबर ३६ भोकांचे हबही घ्यावे लागतात, पुढचा-मागचा दोन्ही. आणि हब घेताना फ्रेमच्या मागच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून कागदावर लिहून ने. दुकानदार 'बसेल, दाबून बसेल' म्हणाला तर दुसरीकडे जा.

७०० सी मापाची ही नवी रिम जुन्या रिमपेक्षा व्यासाने १३ मिलिमीटर लहान असते, म्हणजे ब्रेकचं रबर साडेसहा मिलिमीटर आणखी खाली पोचलं पाहिजे. लांब हाताचे कॅलिपर, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे ब्रेक, मागायचे. ते लावायला चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) डोक्यात भोक आहे का बघ. नसलं तर भोक असलेला चिमटा शोध, पण जुन्या चिमट्याची नळी किती लांब आहे ते मोजल्याशिवाय नाही. मागच्या बाजूला भोक नसेल आणि पैसे कमी पडत असतील तर मागचा ब्रेक पुढच्या महिन्यावर ढकल, पुढचा नाही. तोवर सायकल गावातल्या सपाटीवरच चालव, दापोलीची वाट नको. थांबायचं काम मुख्यतः पुढचाच ब्रेक करतो.

परवा एका मुलाची अशीच सायकल केली, त्याचं बिल समोर आहे. रिम, हब, स्पोक मिळून २४००. टायर-ट्यूब १४००. ब्रेक, लिव्हर, केबल ६००. फ्रीव्हील आणि चेन ४३०. छर्रे आणि कॉटर पिना (क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, घट्ट धरणाऱ्या) १००. झाले ४९३०. तुझ्याकडे थोडं इकडेतिकडे होईल. उरलेल्यात चिमटा किंवा चाक विणायची मजुरी. स्पोक स्टेनलेसचे घे. साध्या स्पोकना आपल्याकडे दोन पावसाळ्यांत निपलपाशी गंज धरतो आणि मग रिम सरळ करायला गेलं की एकेक तुटतो.

शंभर रुपयांच्या त्या छर्ऱ्यांना कमी लेखू नकोस. तीस वर्षं पडलेल्या सायकलीत ग्रीसचा गूळ झालेला असतो. पुढच्या हबात ३/१६ चे दहा-दहा छर्रे, मागच्यात पाव इंची नऊ-नऊ, बीबीत (क्रँकच्या ॲक्सलच्या घरात) पाव इंची अकरा-अकरा. सगळे नवे टाक. जुन्यातले चांगले निवडून नव्यात मिसळू नकोस, मापात केसाइतका फरक पडला तरी सगळा भार मोठ्यावर येतो. बीबीचा उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, तो न उघडता जागेवरच पुसून घेतलास तरी चालेल. कॉटर पिना एकमेकींच्या विरुद्ध बाजूंनी घालायच्या. दोन्ही एकाच बाजूने ठोकल्यास तर एक क्रँक सहावर आणि दुसरा बारावर न येता साडेअकरावर येतो, आणि आठवडाभर तुला कळत नाही गुडघा का दुखतोय.

दात्यांचं म्हणशील तर मागे २० घेऊन बघ. १८ कुठेही मिळतं, २० आणि २२ मागवावं लागतं. नवी चेन जुन्या चेनच्या मापाने तोडू नकोस. आधी फ्रीव्हील बसव, चाक खाचेत मधोमध ठेव, मग चेन गुंडाळून तोड. मधोमध बोटाने वर-खाली केली तर अर्धा इंच हलली पाहिजे. आणि पुढे कधी पैसे आले तर दोन्ही बाजूंना आटे असलेला हब घे. एकीकडे १८, दुसरीकडे २२. गावात फिरताना १८, दापोलीला जाताना चाक काढून उलटं बसवायचं. चार दात्यांच्या फरकाला ॲक्सल अर्धा इंच सरकतं, रोडस्टरच्या लांब खाचेत ते सहज मावतं. टूर द फ्रान्सवाले १९३७ पर्यंत डोंगरात हेच करत, कारण तोवर त्यांना डिरेलर (चालता चालता गिअर बदलणारा पार्ट) वापरायची परवानगीच नव्हती. पायथ्याशी उतरायचं, चाक फिरवायचं, पुन्हा बसायचं.

मडगार्ड आणि चेनकव्हर ठेव. मला माहितीय ते म्हाताऱ्यासारखं दिसतं. जुलैत तांबड्या चिखलाची पाठीवर रेघ घेऊन वर्गात बसलास की आठवण काढशील.

प्रश्न : ताई, माझी १८ गिअरची सायकल आहे. समुद्राजवळ घर असल्याने मागचा डिरेलर गंजून अडकला. गिअर मी वापरतच नाही. काढून सिंगल स्पीड करता येईल का? — एक वाचक, रेवदंडा

उत्तर : येईल. पण आधी मागचं चाक जिथे बसतं ती खाच बघा. तिरकी किंवा आडवी असली तर चाक मागे ओढून चेन ताणता येते. सरळ खाली जाणारी असली तर चाक हलत नाही, तिथे चेन ताणून धरणारा स्प्रिंगचा टेन्शनर लागतो. तुमच्या डिरेलरची फक्त वरची स्प्रिंग गेली असेल आणि खालच्या दोन पुल्या फिरत असतील, तर तोच स्क्रूने एका जागी धरून टेन्शनर म्हणून चालतो, फुकटात. मागचा सहा-सात चकत्यांचा गठ्ठा बहुतेक साध्या फ्रीव्हीलच्याच आट्यांवर असतो, तो काढून १८ दात्यांचं सिंगल बसवा. पुढे मधलं चक्र ठेवा. मग मागून एक डोळा मिटून बघा किंवा लांब पट्टी लावा. पुढचं आणि मागचं चक्र एका रेषेत नसलं तर चेन उतरणारच, तेव्हा ॲक्सलवरचे वायसर इकडचे तिकडे करून घ्यावे लागतील आणि रिमही पुन्हा मध्यावर आणावी लागेल. टेन्शनर असलेल्या सायकलीवर फिक्स दातरी मात्र कधी लावू नका, पहिल्याच उलट जोराला तो वाकतो.

प्रश्न : शाळेत सायकलने जाते. चेनला खोबरेल लावलं तर चालतं का? आणि फ्रीव्हील घरी कसं काढायचं? दुकानात दोनदा नेली, 'जाम आहे' म्हणून परत दिली. — एक शिक्षिका, वेंगुर्ले

उत्तर : खोबरेल डोक्याला. ते साधारण २४ अंशांखाली थिजतं, म्हणजे डिसेंबरच्या सकाळी तुमची चेन मेणबत्ती असते, आणि एरवी त्यावर वाळू चिकटून खरकागद होतो. गाडीचं इंजिन ऑइल एकेका कडीवर एकेक थेंब, रात्रभर मुरू द्या, सकाळी फडक्याने कोरडी दिसेपर्यंत पुसा. किनाऱ्यावरून आलात तर आधी गोड्या पाण्याने धुऊन वाळवा. चेनच्या बारा कड्या मोजा, म्हणजे आतली-बाहेरची मिळून चोवीस. नवी असताना बरोबर १२ इंच भरतात, १२ आणि १/१६ झाली की बदला.

फ्रीव्हीलसाठी दोन खाचांचा रिमूव्हर मिळतो. तो खाचेत बसवून ॲक्सलचा नट वरून हलका लावा, म्हणजे निसटत नाही. रिमूव्हर शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडायचा आणि चाक दोन्ही हातांनी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचं. पहिला झटका बसला की नट लगेच सैल करा. शेगडा एखाद्या सुताराकडे असतोच.

खाचाच झिजल्या असतील तर शेवटचा उपाय. फ्रीव्हीलच्या तोंडावरच्या चकतीला दोन बारीक भोकं दिसतील, त्यात पंच ठेवून ती घड्याळाच्या दिशेने ठोका, तिचे आटे उलटे असतात. चकती सुटली की बाहेरचं चक्र निघतं आणि राहिलेला आतला गड्डू शेगड्यात पकडून उघडता येतो. हे करताना खाली परात ठेवा. आत किती छर्रे असतात ते पहिल्यांदाच कळतं, आणि फरशीवर गेले तर गणपतीपर्यंत सापडत राहतात.