बैठकीला जा, पण हजेरीच्या कागदावर सही करण्याआधी हे वाचा

नगरपरिषदेचं पत्र आलंय, बैठकीला जाऊन काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. पत्रातलं तुम्ही लिहिलेलं सगळं ओळखीचं आहे. गल्ली अरुंद, नवीन गाडी आत वळत नाही, म्हणून घंटागाडी यापुढे चौकातच थांबणार आणि कचरा आपण तिथवर नेऊन द्यायचा. सुका कचरा आठवड्यातून दोनच दिवस. त्याच पत्रात खाली दोन ओळींत नगरपरिषदेची अभ्यासिका संस्थेला चालवायला देण्याचा विषय. आणि ‘नागरिकांशी चर्चा’ बुधवारी सकाळी अकरा वाजता. आमच्याकडे वारसुद्धा बुधवारच होता! कामावर जाणारा माणूस त्या वेळेला येऊ शकत नाही हे त्यांना कळत नाही असं मी पूर्वी समजायचे. आता तसं समजत नाही.

ओला-सुका वेगळा करा, एकट्याने न जाता चार घरं मिळून जा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही. आधीच सांगते, मी वकील नाही. आमचं गाव म्हणजे ब वर्गाची नगरपरिषद, त्यामुळे खाली जे लिहितेय ते १९६५ च्या नगरपरिषद कायद्याच्या चौकटीतलं आहे. महानगरपालिकेत राहणाऱ्यांना १९४९ चा वेगळा कायदा लागतो (मुंबईला १८८८ चा), त्यांनी कलमं जशीच्या तशी उचलू नयेत.

आता ज्याने आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते.

बैठक सभागृहात होती. आम्ही गल्लीतली आठ-दहा माणसं, शेजारच्या पेठेतली काही. चहा आला, बिस्किटं आली आणि चहाबरोबर एक कागद फिरला. वर मथळा नाही, विषय नाही, तारीख नाही. नाव, पत्ता, मोबाईल, सही असे रकाने आखलेले. सगळ्यांनी सह्या केल्या, हजेरी म्हणजे सही आलीच. मग बोलणं झालं. आमच्या पलीकडच्या घरातल्या आजींना गुडघे चालत नाहीत, त्या ओल्या कचऱ्याची बादली चौकापर्यंत नेणार कशा, हे त्यांच्या सुनेने अगदी नीट सांगितलं. चौकात सार्वजनिक नळ आहे, तिथे ढीग साठेल, हे दोघा-तिघांनी सांगितलं. बैठक घेणारे अधिकारी साहेब मान डोलवत होते. ‘तुमच्या भावना वरपर्यंत पोहोचवतो’ म्हणाले. आम्ही खुशीत घरी आलो.

पंधरवड्याच्या आत गाडी गल्लीत यायची थांबली. विचारायला गेलो तर विभागातल्या बाई म्हणाल्या, ‘तुमच्याशी चर्चा करूनच केलंय की.’ निर्णयाच्या टिप्पणीत, म्हणजे फाइलवरच्या कार्यालयीन नोंदीत, लिहिलं होतं की बैठकीस उपस्थित नागरिकांनी नवीन संकलन व्यवस्थेस सहमती दर्शविली, उपस्थितांच्या सह्या सोबत जोडल्या आहेत. तोच कागद. वरच्या मोकळ्या जागेत आता टाइप केलेली ओळ चिकटवलेली होती. आजींच्या सुनेची सही तिसऱ्या क्रमांकावर.

हे टिप्पणीचं पान आमच्या हाती लागलं तेव्हा अर्धा पावसाळा उलटून गेला होता. तोवर त्या कार्यालयाने आम्हाला नुसतं फिरवलं. बैठकीचं इतिवृत्त, म्हणजे बैठकीत कोण काय बोललं याची लेखी नोंद, मागायला गेलं की आवक-जावकवाले आरोग्य विभागाकडे पाठवायचे, आरोग्य विभाग सामान्य प्रशासनाकडे, आणि सामान्य प्रशासन म्हणायचं फाइल वर गेलीय. वर म्हणजे कुठे? साहेब साइटवर. साहेब व्हीसीमध्ये, म्हणजे व्हिडिओ बैठकीत. साहेबांची बदली. तोंडाने कुणी ‘नाही’ म्हटलं नाही, हेच जास्त चीड आणणारं होतं. माहिती अधिकारात अर्ज टाकला तर उत्तर आलं, ‘सदर बैठकीचे इतिवृत्त अभिलेखावर आढळून येत नाही.’ म्हणजे इतिवृत्त नाही, पण इतिवृत्तावर आधारलेला निर्णय आहे! प्रथम अपिलात, म्हणजे त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, गेल्यावर मग टिप्पणीची पानं मिळाली आणि वरचा प्रकार कळला. मधल्या काळात चौकातल्या नळापाशी काय होत होतं ते लिहीत नाही, तुम्ही कल्पना करू शकता. कोपऱ्यावरच्या घराचं आणि आम्हा बाकीच्यांचं वितुष्ट आलं ते अजून पुरतं मिटलेलं नाही. त्यांच्या दारात कचरा आम्ही टाकतो असं त्यांना वाटायचं, आणि खरं तर आम्हीच टाकत होतो. गाडी येऊन गेल्यावर कामावरून परतणाऱ्याने बादली न्यायची कुठे?

म्हणून माझं ठाम मत (पटलं नाही तर सोडून द्या): त्या बैठकीत तुम्ही काय बोलता याला फार किंमत नाही. कागदावर काय उतरतं याला आहे. कागद फिरला की सही करण्याआधी वर स्वतःच्या हाताने लिहा, ‘केवळ उपस्थिती. प्रस्तावास संमती नाही.’ तारीख घाला, मग सही. मोबाईलवर त्या कागदाचा फोटो काढा. कुणी हरकत घेतली तर सही करू नका, पण बैठकीतून उठून जाऊ नका. बोलायचं ते लेखी न्या, एका पानात, आणि तिथेच अध्यक्षस्थानी असलेल्या अधिकाऱ्यांना देऊन पोच घ्या. बैठक संपताना सगळ्यांसमोर विचारा, इतिवृत्त कोण लिहितंय आणि आम्हाला प्रत कधी मिळेल. हा प्रश्न ऐकल्यावर समोरच्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

खरंखुरं मत मागवायचं असेल तर कसं मागवतात याचं उदाहरण हवं असेल तर मुंबई महानगरपालिकेने २०२५ मध्ये घनकचऱ्याच्या नव्या उपविधींचा (म्हणजे पालिकेच्या स्वतःच्या नियमांचा) मसुदा काढला होता ते आठवा. मसुदा आधी प्रसिद्ध केला, १ एप्रिल ते ३१ मे अशी हरकती-सूचनांची मुदत दिली, ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिना १०० रुपये शुल्क असे आकडे लोकांसमोर ठेवले. त्या शुल्कावर लोक तुटून पडले, तो वेगळा विषय. पण निदान कशावर बोलायचं ते समोर होतं. तुम्हाला आलेल्या पत्राला प्रस्तावाची प्रत जोडलेली नाही असं तुम्ही लिहिलंय. मग पहिली मागणी तीच. प्रस्ताव वाचायला दिल्याशिवाय चर्चा कसली?

नियमांबद्दल. आमचं प्रकरण झालं तेव्हा २०१६ चे घनकचरा व्यवस्थापन नियम होते. त्यात स्थानिक संस्थेने प्रत्येक घरातून, झोपडपट्टीसकट, दारोदार वेगळा केलेला कचरा गोळा करण्याची व्यवस्था करायची असं स्पष्ट होतं. फाटकाशी किंवा ठरवलेल्या जागी कचरा घेण्याची सवलत होती ती बहुमजली इमारती, मोठी संकुलं, मॉल अशांसाठी. पेठेतली सहा फुटी गल्ली म्हणजे संकुल नव्हे. हे वाक्य आम्ही अर्जात घातलं तेव्हा ‘ते मार्गदर्शक आहे हो’ असं ऐकवण्यात आलं. नियम मार्गदर्शक आणि कोरा कागद बंधनकारक! असो. आता १ एप्रिल २०२६ पासून नवे नियम लागू झालेत, त्यात ओला, सुका, सॅनिटरी (डायपर, पॅड वगैरे) आणि विशेष काळजीचा (बल्ब, जुनी औषधं वगैरे) असे कचऱ्याचे चार भाग आहेत. त्यामुळे माझ्या जुन्या अर्जातली वाक्यं उचलू नका, नव्या मजकुरात शोधा आणि तिथलाच क्रमांक द्या. चुकीचा क्रमांक दिला की तेवढ्यावर अर्ज निकाली काढतात.

‘गल्ली अरुंद आहे’ हे कारण मला तर पटतच नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सदस्य २००८ पासून महापालिकेशी करार करून ढकलगाडी घेऊन दारोदार जातात, वस्त्यांमधल्या बोळांतही. ‘आमची नगरपरिषद लहान, पैसा नाही’ असं म्हणतील. सिंधुदुर्गातलं वेंगुर्लं तर त्याहून लहान. रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी, म्हणजे नगरपरिषदेचे प्रमुख अधिकारी, असताना कचरा डेपोच लोक बघायला यावेत असा करून दाखवला होता. एवढं सगळं तुमच्या गावात होईल असं मी म्हणत नाही. एक चांगला अधिकारी बदलून गेला की पुढे काय होतं हेही आपण पाहतोच. पण बैठकीत ‘शक्यच नाही’ म्हटलं गेलं तर तोंडावर ठेवायला ही दोन नावं पुरतात.

यापेक्षा महत्त्वाचा एक प्रश्न आहे आणि तो कुणी विचारत नाही. कचरा उचलणाऱ्या ठेकेदाराला पैसे कशावर मिळतात? टनावर, फेऱ्यांवर की घरांवर? टनावर असतील तर तुमच्या पंधरा-वीस घरांची गल्ली त्याच्या दृष्टीने नुसता वेळेचा अपव्यय, भाजी मंडईपाशी एका थांब्यात त्याला जास्त वजन मिळतं. घरांवर असतील तर दारावरच्या क्यूआर पाट्या बघा, कचरा उचलला की कामगाराने स्कॅन करायच्या त्या. आमच्या गल्लीतल्या पाट्या एक दिवस दारांवरून गायब झाल्या आणि चौकातल्या भिंतीवर ओळीने लावलेल्या सापडल्या. कामगार तिथे उभं राहून एकामागून एक सगळ्या स्कॅन करायचा. त्या कामगाराला मी दोष देणार नाही, त्याला मुकादम सांगेल तेच तो करणार, आणि पगारही त्याला वेळेवर मिळत नव्हता. पण नोंदीत आमच्या प्रत्येक दारातून रोज कचरा उचलला जात होता! त्या भिंतीचा फोटो आमच्या सगळ्या अर्जांपेक्षा जास्त उपयोगी पडला.

माहिती अधिकाराचा अर्ज टाकणार असाल तर महाराष्ट्रात तो एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. चर्चेचा अर्ज वेगळा, कराराचा वेगळा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘का केलं’ असं विचारू नका, कागद मागा: निविदेतल्या अटी-शर्ती, करारनामा, गाड्यांचा मार्ग-तक्ता, बैठकीची टिप्पणी. अर्ज न करता फायली बघायच्या असतील तर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहू देण्याचा शासन निर्णय २०१८ चा आहे. आमच्या कार्यालयात तो कुणी ऐकलेलाच नव्हता. शासन निर्णयाची छापील प्रत घेऊन गेलात तर निदान खुर्ची देतील.

आमच्या वेळी कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकाकडे होता, निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, म्हणून दाद मागायला नगरसेवकही नव्हता. तुमच्याकडे डिसेंबर २०२५ मध्ये निवडणूक झाली असेल तर परिस्थिती बरी आहे. तुमच्या नगरसेवकाकडून सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका मागून घ्या. विषय त्यात दिसला नाही म्हणून निर्धास्त राहू नका, ‘आयत्या वेळचे विषय’ नावाची एक सोय असते आणि नकोसे विषय तिथूनच आत येतात. ठराव झालाच तर नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली तो स्थगित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. आम्ही तिथवर गेलो नाही, त्यामुळे अनुभव सांगू शकत नाही. जाण्याआधी जाणत्या वकिलाला विचारा, माझ्या भरवशावर जाऊ नका.

शेवटी आम्हाला मिळालं काय? जुना मार्ग मिळाला नाही. गाडी अजून चौकातच थांबते. पण सकाळी एक ढकलगाडी गल्लीत येते आणि कचरा चौकातल्या गाडीत नेऊन टाकते. ‘निर्णय रद्द करा’ असं म्हणत होतो तोवर कुणी ऐकत नव्हतं, ‘एक ढकलगाडी आणि एक माणूस द्या’ म्हटल्यावर नव्या मुख्याधिकाऱ्यांनी आठवड्यात दिला. काहींना हे पडतं घेणं वाटेल. गल्लीतल्या दोघांना अजून वाटतं. मला आजींची बादली दारातून उचलली जाते एवढं पुरे आहे.

ओल्या कचऱ्याचं जाता जाता: जागा असेल तर घरीच खत करा, पण ते करतोय म्हणून ‘आमची गाडी बंद केली तरी चालेल’ असं बैठकीत चुकूनही बोलू नका. आमच्यातले एक उत्साही काका तसं बोलले होते. टिप्पणीत त्यांचं ते एकच वाक्य शब्दशः उतरलं होतं, बाकी कुणाचं काहीच नाही.

अभ्यासिकेचं तुम्ही शेवटी विचारलंय, त्यात माझा अनुभव कमी आहे. तरी तो विषय कचऱ्याच्या बैठकीत चर्चेला येऊच देऊ नका, वेगळी तारीख मागा. दोन विषय एका हजेरीपत्रकावर आले की कुठल्या विषयाला कोण हो म्हणालं हे नंतर कुणालाच सिद्ध करता येत नाही. आणि ती तारीख मिळाली की इतकं विचारा: अभ्यासिकेचा करार किती वर्षांचा, मुलांकडून महिना किती घेणार, आणि परीक्षेच्या दिवसांत रात्री किती वाजेपर्यंत उघडी राहणार. उत्तरं लेखी.