बांधावरचा साग आणि वावरातला मसूर

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात माझी दीड एकर भातजमीन आहे. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर मसूर घेतो. चारही बांधांवर साग लावण्याचा विचार आहे. पण झाडाखाली पीक येत नाही, असे वडील म्हणतात. त्यांचे म्हणणे खरे आहे का? आणि बांधावर झाडे लावली म्हणजे वनशेती झाली, असे समजावे का?
— एक शेतकरी वाचक

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. झाड आणि पीक एकाच जमिनीत, एकमेकांचा विचार करून सांभाळणे म्हणजे वनशेती होय. तेव्हा बांधावरची झाडेही तीत मोडतात, मात्र लावून विसरलेली नव्हेत.

वडिलांचे म्हणणे भाताच्या बाबतीत फारसे लागू पडत नाही, मसुराच्या बाबतीत मात्र बरेच खरे आहे. आपल्या भागात जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेकडेच असतो. त्यामुळे ३० फूट उंच झाडाची भरदुपारची सावली जेमतेम ४ फूट पडते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि त्याच झाडाची सावली भरदुपारीही उत्तरेकडे सुमारे २५ फूट जाते. म्हणजे दक्षिणेच्या बांधावरचा साग नेमका मसुराच्या दिवसांत वावरात सावली धरून उभा राहील. सागाची पाने गळतात हे खरे, पण ती पुरती गळेपर्यंत मसूर फुलोऱ्यावर आलेला असतो. उंच झाडे उत्तरेच्या बांधावर लावली, तर ही सावली आपल्या वावराबाहेर पडते. बाहेर म्हणजे शेजाऱ्याच्या मसुरावर हे मात्र विसरू नये. त्या बाजूला पाणंद, ओढा किंवा गायरान असेल तरच हा सल्ला बिनघोर समजावा, नाहीतर आधी शेजाऱ्याशी बोलून घ्यावे.

सावलीइतकीच मुळांचीही अडचण असते. सागाची बरीच मुळे वरच्या थरातच पसरतात, आणि पाऊस थांबल्यावर मसुराला लागणारी ओल तिथेच असते. झाडांच्या ओळीपासून चार-पाच फुटांवर, वावराच्या बाजूने, फूटभर रुंद व दोन फूट खोल चर काढून दर वर्ष-दोन वर्षांनी त्यात आलेली मुळे छाटावीत. खालच्या फांद्या बोटाएवढ्या असतानाच खोडालगत साफ कापाव्यात. त्याने सावली विरळ होते आणि लाकडात मोठ्या गाठी राहत नाहीत.

आता आपण विचारलेले नाही, पण सांगितले पाहिजे असे एक. साचलेले पाणी सागाला सोसत नाही. चिखलणी केलेल्या खाचराच्या बुटक्या बांधावर त्याची मुळे पावसाळाभर पाण्यात राहतात आणि झाड वर्षानुवर्षे खुरटलेलेच दिसते. म्हणून साग फक्त उंच, निचऱ्याच्या कडेला लावावा. दोन झाडांत ८ ते १० फूट अंतर ठेवल्यास २०० फुटी बांधावर वीस-पंचवीस झाडे बसतात, आणि माझ्या मते दीड एकराला तेवढी पुरेत. उरलेल्या बांधांवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, हिरवळीच्या खताचे झाड) लावून ते छातीएवढे छाटत राहावे. लावणीपूर्वी त्याचा कोवळा पाला चिखलात तुडवला की भाताला नत्र मिळते. दक्षिणेच्या बांधाची छाटणी मात्र मसूर पेरण्याआधी पुन्हा एकदा करावी.

रोपे शक्यतो वन खात्याच्या रोपवाटिकेतूनच घ्यावीत आणि पावती जपून ठेवावी. कर्नाटकात २०११-१२ पासून कृषी अरण्य प्रोत्साह योजना आहे. तिच्यात नोंद केल्यास जगलेल्या रोपामागे पहिली तीन वर्षे प्रोत्साहनाची रक्कम मिळते. पुढे साग तोडताना कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा, १९७६ नुसार वन खात्याची परवानगी आणि लाकूड नेण्यासाठी वाहतूक परवाना लागतो, झाड स्वतःच्या जमिनीतले असले तरी. तेव्हा झाडांची नोंद उताऱ्यावर आताच करून घ्यावी. अर्ज कन्नडमध्ये भरावा लागत असल्यास जाणकाराकडून वाचून घ्यावा आणि सर्व्हे नंबर व झाडांची संख्या स्वतः पडताळूनच सही करावी.