१९७० च्या दशकातली अँबेसेडर, १४८९ सीसी पेट्रोल. इंजिन खोललंय, तर कॅम, व्हॉल्व्ह आणि सायलेन्सर कोणते बदलू?

आधी व्हॉल्व्ह सीट, म्हणजे बंद होताना व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो ती कडा. या इंजिनाचं हेड (वरचं झाकण) बिडाचं, सीट त्याच धातूत कापलेल्या. शिशाच्या पेट्रोलवर ते चालून गेलं; देशात २००० पासून ते पेट्रोल बंद झालं. आता सतत जोरात चालवलं की एक्झॉस्ट सीट झिजून व्हॉल्व्ह आत रुततो आणि टॅपेटची (कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणारा तुकडा) गॅप कमी होत जाते. हेड लेथवर जाणारच आहे, तर कठीण सीट बसवा, गाइडही (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) नवे घाला. पैसे इथेच घाला.

कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, स्टँडर्डच ठेवा. रेसचा कॅम वरच्या आरपीएमला खुलतो. तुम्हाला हवा चोर्ला घाटात तिसऱ्या गिअरला खालून मिळणारा जोर. कॅम बदललाच, तर टॅपेट नवे हवेतच. जुने लावून मी एक कॅम खाऊन बसलोय!

एक्झॉस्टला ‘चार नळ्यांचा हेडर’ (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या वेगळ्या नळ्यांचा जोड) कोणी विकायला आलं तर हसून सोडा. मधल्या दोन सिलिंडरचा पोर्ट एकच, म्हणजे बाहेर पडायची तोंडं तीनच. तीन फाट्यांचा हेडर मिळाला तर उत्तम, नाहीतर मूळ मॅनिफोल्ड (हेडरच्या जागी असलेला बिडाचा जोड) साफ करून घ्या. पाइप फार जाड नको.

आणि सायलेन्सर स्टेनलेसचा घ्या, ३०४ ग्रेडचा. कळंगुटला गाडी उभी राहत असेल तर साधा सायलेन्सर खाऱ्या वाऱ्यात लवकर चाळण होतो. नंतर कार्ब्युरेटर पुन्हा ट्यून करून घ्या.