वाचक विचारतात : विद्यापीठांचे मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम

घरबसल्या अर्थशास्त्र शिकण्याविषयी वाचकांची पत्रे बऱ्याच दिवसांपासून येत आहेत, आणि त्यांतील शंका एकमेकींशी इतक्या जुळणाऱ्या आहेत की त्यांची उत्तरे एकत्र देणेच सोयीचे ठरेल.

प्रश्न : मी विज्ञानाचा पदवीधर आहे. तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. आता अर्थशास्त्र मुळापासून शिकावे अशी इच्छा आहे. नामवंत विद्यापीठांचे अभ्यासक्रम इंटरनेटवर मोफत मिळतात असे ऐकतो, पण ते खरेच मोफत असतात का? असतील तर सुरुवात कोठून करावी?

खरेच मोफत असतात, मात्र ‘मोफत’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांतील फरक आधीच समजून घेतला तर पुढे मनस्ताप होत नाही.

पहिल्या प्रकारात विद्यापीठ आपल्या वर्गातले साहित्य कायमचे खुले करते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००१ साली आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य कोणालाही विनामूल्य देण्याची घोषणा केली. इंटरनेटवर शिक्षण विकून कमाई करण्याचे बेत अनेक ठिकाणी शिजत असताना घेतलेला हा निर्णय होता आणि त्याचे मोल मला आजही फार मोठे वाटते. ‘ओपनकोर्सवेअर’ या नावाने २००२ मध्ये ५० अभ्यासक्रमांनी सुरू झालेल्या त्या संग्रहात आता २,५०० हून अधिक अभ्यासक्रम आहेत. नावनोंदणी नाही, मुदत नाही. व्याख्याने, प्रश्नसंच, जुन्या परीक्षांचे कागद, आणि अनेक ठिकाणी त्यांची उत्तरेही उतरवून घेता येतात. येल विद्यापीठाने २००७ मध्ये याच धर्तीवर आपली काही निवडक व्याख्याने खुली केली. येथे मिळत नाहीत त्या दोनच गोष्टी : उत्तरपत्रिका तपासणारा शिक्षक आणि प्रमाणपत्र.

दुसरा प्रकार २०१२ साली सुरू झालेल्या कोर्सेरा आणि एडएक्स यांसारख्या व्यासपीठांचा. तेथे अनेक विद्यापीठांचे अभ्यासक्रम ठरावीक आठवड्यांच्या वेळापत्रकाने चालतात. बऱ्याच अभ्यासक्रमांत व्याख्याने फुकट पाहता येतात, परंतु गुण मिळणाऱ्या चाचण्या व प्रमाणपत्र यांना शुल्क असते, आणि फुकट पाहण्याची सोयही काही वेळा मर्यादित आठवड्यांपुरतीच असते. म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी, शुल्क न भरता नेमके काय उघडते आणि किती दिवस उघडे राहते, एवढे शांतपणे वाचून घ्यावे.

आपल्याला घाई नाही आणि प्रमाणपत्राची गरजही दिसत नाही, तेव्हा पहिला प्रकारच आपल्यासाठी योग्य. सूक्ष्म अर्थशास्त्रापासून, म्हणजे एकेक ग्राहक, विक्रेता आणि बाजार यांच्या अभ्यासापासून, सुरुवात करावी. व्याजदर, महागाई, राष्ट्रीय उत्पन्न हे स्थूल अर्थशास्त्राचे विषय वर्तमानपत्रांमुळे अधिक ओळखीचे वाटले तरी त्यांचा पाया मागणी, पुरवठा आणि निवड यांच्यातच आहे. एमआयटीचे प्राध्यापक जोनाथन ग्रूबर यांचा सूक्ष्म अर्थशास्त्राचा प्रारंभिक अभ्यासक्रम २०१८ मध्ये वर्गातच चित्रित झालेला आहे, आणि त्याच्याबरोबर प्रश्नसंचही मिळतात. जोडीला एक पाठ्यपुस्तक हवेच. राइस विद्यापीठाच्या ‘ओपनस्टॅक्स’ प्रकल्पाचे अर्थशास्त्राचे पुस्तक विनामूल्य वाचता येते; त्याची मांडणी पारंपरिक आणि सोपी आहे. विषमता, पर्यावरण आणि इतिहास यांच्या अंगाने अर्थशास्त्राकडे पाहायचे असेल, तर अनेक देशांतील अर्थतज्ज्ञांनी मिळून लिहिलेले ‘कोअर’ प्रकल्पाचे मोफत पुस्तक घ्यावे. दोन्ही एकदम उघडू नयेत. आपली पार्श्वभूमी पाहता मी आपल्याला ‘कोअर’ सुचवीन, कारण विज्ञान शिकलेल्या माणसाला पुरावा आणि आलेख यांच्यापासून सिद्धान्ताकडे जाणारी त्याची वाट जवळची वाटेल.

प्रश्न : माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि गणित दहावीनंतर सुटले. इंग्रजी वाचता येते, पण व्याख्यान ऐकताना दहा मिनिटांत धागा तुटतो. मी हे अभ्यासक्रम करू शकेन का?

नक्की करू शकाल, फक्त क्रम उलटा करावा लागेल. वर्गातला विद्यार्थी आधी ऐकतो आणि मग वाचतो. आपण आधी वाचावे आणि मग ऐकावे. पाठ्यपुस्तकातले त्या विषयाचे प्रकरण अगोदर वाचून झाले असेल, तर कानांवर पडणारे निम्मे शब्द ओळखीचे निघतात. येलच्या व्याख्यानांचा संपूर्ण लिखित मजकूर उपलब्ध आहे, आणि एमआयटीच्या चित्रफितींनाही बहुतेक ठिकाणी बोलण्याबरोबर उमटणाऱ्या ओळी असतात. गती थोडी कमी करून ऐकण्यात कमीपणा मानू नये.

एक वही केवळ शब्दांसाठी ठेवावी. अर्थशास्त्रात अडवतात ते अवघड शब्द नव्हेत, तर सोपे वाटणारे शब्द अडवतात. ‘मार्जिनल’ हा शब्द एरवीच्या इंग्रजीत ‘नगण्य’ अशा अर्थाने येतो. अर्थशास्त्रात तो ‘आणखी एका नगाचा’ असा नेमका अर्थ घेऊन येतो, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांतला ‘सीमान्त’ हा प्रतिशब्द तो अर्थ अधिक चांगला सांभाळतो. ‘रेंट’ म्हणजे केवळ घरभाडे नव्हे. एखादे साधन वापरात राहावे यासाठी जेवढा किमान मोबदला पुरला असता, त्याहून जास्त मिळणारी रक्कम म्हणजे अर्थशास्त्रातला ‘रेंट’. अशा शब्दांसमोर मराठी प्रतिशब्द, आपल्या भाषेतली व्याख्या आणि स्वतः रचलेले एक उदाहरण लिहावे. मराठी माध्यमात शिकल्याचा येथे फायदाच होतो, कारण प्रत्येक संकल्पना दोन भाषांतून तपासून घेतली जाते.

गणिताविषयी सांगायचे तर प्रारंभिक अभ्यासक्रमाला सरळ रेषेचा चढ, दोन समीकरणांची एकत्र उकल आणि टक्केवारी एवढे पक्के असावे लागते. ग्रूबर यांच्या व्याख्यानांत अधूनमधून कलनशास्त्र, म्हणजे कॅल्क्युलस, येते. त्यासाठी एमआयटीचेच गिल्बर्ट स्ट्रँग यांची कलनशास्त्राचे सार सांगणारी छोटी व्याख्यानमाला त्याच संग्रहात आहे. तिची पहिली काही व्याख्याने पुरतील. दहावीच्या पातळीवरची उजळणी खान अकॅडमीच्या संकेतस्थळावर करता येईल. मात्र ‘आधी सगळे गणित संपवीन आणि मग अर्थशास्त्राला हात लावीन’ असे ठरवू नये. असे ठरवणारे बहुतेक जण अर्थशास्त्रापर्यंत पोहोचतच नाहीत.

प्रश्न : व्याख्यान पाहताना सर्व समजते, पण प्रश्न सोडवायला बसले की हात थांबतो. सोबत कराविषयीच्या एका गणिताचे पान पाठवीत आहे. माझे उत्तर चुकले आहे हे कळते, पण का चुकले ते कळत नाही.

आपण पान पाठवलेत याचा मला फार आनंद झाला. आपले गणित असे : मागणी १०० − २कि, पुरवठा ३कि, येथे ‘कि’ म्हणजे किंमत. कर नसताना दोन्ही समान धरले की किंमत २० आणि नग ६० येतात, आणि ते आपण बरोबर काढले आहेत. त्यानंतर विक्रेत्यावर प्रत्येक नगामागे ५ इतका कर बसवला आहे. येथे आपण पुरवठा ‘३कि − ५’ असा लिहिलात, त्यावरून किंमत २१ आणि नग ५८ काढलेत.

आता हे उत्तर विक्रेत्याच्या जागी बसून तपासा. ग्राहकाकडून २१ घेतले, ५ कर भरला, हाती १६ राहिले. हाती १६ पडणार असतील तर तो किती नग विकायला आणील? पुरवठ्याच्या नियमानुसार ३ गुणिले १६, म्हणजे ४८. आपण तर ५८ म्हणता. म्हणजे कर किमतीतून वजा व्हायला हवा होता, तो आपण नगांच्या संख्येतून वजा केलात. विक्रेता ठरवतो ते हाती पडणाऱ्या किमतीवरून. म्हणून पुरवठा ‘३ (कि − ५)’ असा लिहायला हवा. मग १०० − २कि = ३कि − १५, त्यावरून किंमत २३, नग ५४ आणि विक्रेत्याच्या हाती १८. ५ पैकी ३ चा भार ग्राहकावर आणि २ चा विक्रेत्यावर पडला. कर कायद्याने कोणावर बसवला यावर ही वाटणी ठरत नाही. किंमत बदलल्यावर कोण किती सहज मागे सरू शकतो यावर ती ठरते. या गणितात विक्रेता अधिक सहज मागे सरतो, म्हणून त्याच्यावरचा भार कमी. हाच कर ग्राहकाकडून वसूल केला असे धरून पुन्हा सोडवून पाहा. आकडे हेच येतील, आणि ते स्वतःच्या हातांनी आलेले पाहण्यासारखे दुसरे समाधान नाही.

एका कंसाची ही चूक होती. परंतु त्या कंसात संपूर्ण प्रकरणाचा अर्थ साठवलेला आहे, आणि व्याख्यान कितीही वेळा पाहिले असते तरी ती सापडली नसती. उत्तम शिक्षकाचे बोलणे इतके ओघवते असते की ऐकताना त्याचीच समज आपली वाटू लागते. म्हणून एक तास ऐकण्यामागे किमान दोन तास कागदावर काम करावे, आणि उत्तराचा कागद स्वतःचे उत्तर लिहून झाल्याखेरीज उघडू नये. ज्या अभ्यासक्रमाबरोबर प्रश्नसंच व उत्तरे दोन्ही मिळतात तोच निवडावा, वक्ता थोडा कमी रंजक असला तरी चालेल.

प्रश्न : गेल्या वर्षभरात चार अभ्यासक्रम सुरू केले, एकही पूर्ण झाला नाही. आता नव्याने काही सुरू करण्याचा धीर होत नाही.

आपण एकटे नाही. एडएक्सच्या मुळाशी असलेल्या एमआयटीच्या पहिल्या मोठ्या अभ्यासक्रमाला, म्हणजे २०१२ च्या विद्युत परिपथांच्या अभ्यासक्रमाला, सुमारे १,५५,००० जणांनी नावे नोंदवली होती आणि सुमारे ७,२०० जणांना प्रमाणपत्र मिळाले. उरलेल्या सर्वांना अपयशी म्हणणे अन्यायाचे होईल. नाव नोंदवणे फुकट असले की अनेक जण केवळ डोकावून जातात, आणि ग्रंथालयात पुस्तक चाळून परत ठेवण्यात काही गैर नाही. पण चार अभ्यासक्रम एकाच वर्षात सुरू होणे हे मात्र कारण असू शकते. तीन बंद करा. उरलेल्यासाठी रोजची नव्हे, आठवड्यातली दोन ठरावीक सत्रे ठेवा, आणि शक्य असेल तर सोबत एक माणूस घ्या. दूरच्या कोणाशी फोनवर प्रश्नसंच ताडून पाहण्याचा नेम लावला तरी पुरते.

गोडी परत यावी म्हणून येलमधील बेन पोलाक यांच्या द्यूतसिद्धान्ताच्या, म्हणजे गेम थिअरीच्या, पहिल्या व्याख्यानापासून सुरुवात करा असे मी सुचवीन. तेथे प्रत्येक विद्यार्थ्याला कागदावर ‘अल्फा’ किंवा ‘बीटा’ लिहायचे असते आणि त्याचा कागद कोणा अनोळखी विद्यार्थ्याच्या कागदाशी जोडला जातो. दोघांनी अल्फा लिहिले तर दोघांना ‘बी वजा’ श्रेणी, दोघांनी बीटा लिहिले तर दोघांना ‘बी अधिक’. एकाने अल्फा आणि दुसऱ्याने बीटा लिहिले तर अल्फावाल्याला ‘ए’ आणि बीटावाल्याला ‘सी’. केवळ स्वतःच्या श्रेणीचा विचार केला तर समोरच्याने काहीही लिहिले तरी अल्फाच फायद्याचे, आणि तरीही सगळ्यांनी तसाच विचार केला की सगळेच कमी श्रेणीवर येतात. चित्रफीत तेथे थांबवून आपले उत्तर आणि त्याचे कारण लिहून ठेवा, मगच पुढे पाहा.

प्रश्न : अशा प्रमाणपत्रांचा मुलाला नोकरीसाठी उपयोग होईल का?

थोडा होईल, पण पदवीची जागा ते सहसा घेत नाही. त्याने सोडवलेले प्रश्न, केलेले विश्लेषण किंवा लिहिलेला प्रकल्प दाखवता आला तर त्याचे वजन अधिक पडते. अपवाद म्हणून एमआयटीच्या ‘मायक्रोमास्टर्स’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संचाचा उल्लेख करतो. २०१९ चे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो ज्यात शिकवतात, त्या विदा (म्हणजे डेटा), अर्थशास्त्र आणि धोरण या विषयाच्या अभ्यासक्रमांची शुल्क भरून परीक्षा दिली, तर ते श्रेय तेथील पदव्युत्तर प्रवेशाच्या अर्जात विचारात घेतले जाते. आधी व्याख्याने विनाशुल्क पाहावीत आणि झेपते आहे असे दिसल्यावरच परीक्षेचा विचार करावा.

प्रश्न : अर्थशास्त्राखेरीज इतर विषयांत काय पाहण्यासारखे आहे?

संगणकशास्त्रासाठी हार्वर्डचा डेव्हिड मॅलन यांचा ‘सीएस५०’. त्यातले प्रश्नसंच कठीण आहेत आणि तीच त्याची खरी संपत्ती. तत्त्वज्ञानात हार्वर्डचेच मायकेल सँडेल यांची न्याय या विषयावरील व्याख्याने. अर्थशास्त्र शिकणाऱ्याने तीही पाहावीत, कारण बाजारात काय विकले जावे आणि काय जाऊ नये हा प्रश्न मागणी-पुरवठ्याच्या आलेखात दिसत नाही. येलच्या संग्रहात डोनाल्ड केगन यांचा प्राचीन ग्रीसचा इतिहास, पॉल ब्लूम यांचा मानसशास्त्राचा परिचय, आणि वित्तबाजारावरील रॉबर्ट शिलर यांची व्याख्याने आहेत. शिलर यांची व्याख्याने २००८ आणि २०११ अशी दोनदा चित्रित झाली आहेत. मधल्या काळात जागतिक वित्तीय संकट येऊन गेले, त्यामुळे एकाच विषयावरची दोन्ही वर्षांची व्याख्याने शेजारी ठेवून ऐकावीत, आणि शिक्षकाने कोठे भर बदलला ते वहीत टिपत जावे.