आधी घास, मग तक्ता

प्रिय मुली,

डाउन सिंड्रोम असलेल्या अडीच वर्षांच्या मुलासाठी तू केलेला आहारतक्ता वाचला. प्रथिनं, लोह, उष्मांक सगळं नीट आहे. पण तो मुलगा घास चावतो कसा, यावर त्यात एक ओळही नाही. आईला डबा घेऊन बोलाव आणि मुलाला तुझ्यासमोर जेवू दे.

पाय लोंबकळत असतील तर आधी पायांखाली पाट दे. या मुलांचे स्नायू सैल असतात. पावलांना आधार नसला की धड सावरण्यातच ताकद जाते आणि जबडा स्थिर राहत नाही. चमचा लहान, उथळ हवा. तो जिभेच्या मध्यावर टेकवून किंचित दाबायचा आणि वरचा ओठ खाली येऊन घास ओढून घेईपर्यंत थांबायचं. घाईत चमचा वरच्या हिरडीवर पुसून काढला, तर ओठ मिटायला शिकतच नाही. तोंडाची पोकळी लहान, त्यामुळे जीभ पुढे येते आणि घास बाहेर पडतो. आईला वाटतं, नको आहे. ती पुन्हा मिक्सर लावते, आणि चौथं वर्ष लागलं तरी मूल पेजेवरच राहतं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण बहुतेकदा हे टाळता येतं.

मिक्सरनंतर रवीने घोटलेलं, मग बोटांनी कुस्करलेलं, मग मऊ तुकडे. एका वेळी एकच पायरी, आणि पदार्थ ओळखीचाच. दातांसाठी थांबू नका. पहिला दात वर्षानंतरही येतो, आणि मऊ घास हिरड्यांनीही चेचता येतो. उकडलेल्या गाजराची बोटाएवढी फोड कडेला, दाढेच्या जागी धर, आलटून पालटून दोन्ही बाजूंना. मधोमध ठेवलेला घास जीभ नुसता चोखते. पातळ वरणात मोकळा भात मात्र अवघड, कारण पाणी आधी घशाकडे जातं आणि शितं तोंडात मागे राहतात. गुरगुट्या भात बरा. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं अजिबात नकोत.

पाणी पिताना ठसका, जेवल्यावर ओला घरघरता आवाज किंवा वारंवार न्यूमोनिया असेल, तर हे सगळं थांबवून आधी गिळण्याची तपासणी करून घे. काही मुलांच्या श्वासनलिकेत अन्न ठसक्याशिवायही उतरतं.

विश्रांतीच्या वेळी ही मुलं साधारण १० ते १५ टक्के कमी ऊर्जा वापरतात, म्हणून भावंडाच्या मापाने ताट वाढू नये आणि थेरपीत बक्षीस म्हणून बिस्किट देऊ नये. हृदयाला छिद्र असलेलं, दूध ओढताना दमणारं बाळ वेगळं. त्याला उष्मांक जास्तच लागतात.

बद्धकोष्ठता दिसली की नुसत्या पालेभाज्या वाढवू नकोस, थायरॉइड ग्रंथी मंदावली नाही ना, ते विचार. त्यासाठीची रक्ततपासणी, टीएसएच, जन्मतः, ६ आणि १२ महिन्यांना, नंतर दरवर्षी तपासायचं असतं. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेव, नाहीतर जेवण मागे पडतं आणि लोह कमी होतं.

‘गहू बंद करा’ असं कुणी सांगितलं असेल, तर पोळी बंद करण्याआधी सिलिअॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा करणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी होऊ दे. या मुलांमध्ये तो आजार जास्त आढळतो खरा, पण गहू आधीच थांबवला की तपासणीत तो सापडत नाही.