पाणघोड्याची ड्यूटी मिळाली म्हणून

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

प्राणिसंग्रहालयात पाणघोड्याच्या खंदकाची ड्यूटी मिळाल्याचं वाचून फार आनंद झाला. ‘जनावराला जीव लावू नकोस, पुढे त्रास होतो’ असं तिथल्या जुन्या लोकांनी तुला बजावलं, ते मात्र मला पटत नाही. त्रास होतोच. तरी लाव. पण कसा, ते येव्दोकिया दाशिनाकडून शिक.

ही रशियातल्या लेनिनग्राडच्या प्राणिसंग्रहालयातली कीपर, म्हणजे जनावरं सांभाळणारी. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन फौजांनी शहराला वेढा घातला, त्याच महिन्यात बॉम्बहल्ल्यात तिथली बेट्टी हत्तीण गेली. हिवाळ्यात नळ बंद पडले आणि दाशिनाच्या क्रासावित्साचा, म्हणजे पाणघोड्याच्या मादीचा, हौद कोरडा झाला. पाण्यावाचून पाणघोड्याच्या कातडीला भेगा पडतात, रक्त येतं. दाशिना स्लेजवर पिंप लादून नेवा नदीवरून रोज चाळीस बादल्या पाणी ओढून आणायची, कोमट करायची, त्याने ते अवाढव्य अंग पुसायची आणि मग कापराचं तेल चोळायची. त्या नोव्हेंबर-डिसेंबरात कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव मिळे, बाकीच्यांना १२५.

क्रासावित्साच्या पुढ्यात थोडा भाजीपाला, गवत, पेंड. आणि पोट भरावं म्हणून तीसेक किलो वाफवलेला लाकडाचा भुसा. बॉम्ब पडू लागले की ती बिथरायची, तेव्हा दाशिना कोरड्या हौदात तिला बिलगून पडून राहायची, असं सांगतात. लोकांना हाच प्रसंग भावतो. मला ते रोजचं तेल चोळणं मोठं वाटतं. क्रासावित्सा वेढ्यातून वाचली, १९५१ पर्यंत जगली.

जीव लावला की जनावर वाचतंच, असं मात्र समजू नकोस. टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयात १९४३ मध्ये धोकादायक जनावरं मारून टाकण्याचा वरून हुकूम आला आणि तीन हत्तींचा उपासमारीने अंत झाला. खाऊ मिळेल या आशेने ते कीपरांपुढे शिकवलेल्या कसरती करून दाखवत. त्या कीपरांची माया कमी होती, असं कुणी म्हणू नये.

आता तुझं काम. खंदकाचा पंप बंद पडला तर टँकर कुठून येईल, पाण्याविना तुझं जनावर किती वेळ तग धरेल, हे याच आठवड्यात डॉक्टरांना विचारून वहीत लिही. कातडी रोज न्याहाळ, पण जाळीबाहेरून. आत एकटी पाऊल टाकू नकोस.

तुझे,
सर